रावजी पुन्हा मरतात

कळंब्यांच्या घरात मेलेल्या माणसाचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नव्हता, आणि जिवंत माणसाचा तर प्रश्नच नव्हता. लंडनच्या एका संग्रहालयातून अस्मिताचा पहिला फोन आला त्या दिवसापासून अण्णांच्या, म्हणजे यज्ञेश्वर कळंब्यांच्या, तोंडी दुसरा विषय नव्हता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी महाडातल्या एकूण एक समित्यांची अध्यक्षपदं भूषवून संपवली होती आणि आता भूषवायला काही शिल्लक नव्हतं. नेमक्या अशा वेळी त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ रावजी लंडनच्या एका तळघरात, पत्र्याच्या गोल डब्यात सापडले.

रावजी तरुणपणी कापडे या गावाहून उठून आगबोटीवर कोळसा टाकायला गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घराला ठाऊक होतं. धाकटे भाऊ दाजीबा यांनी बरीच वर्षं वाट पाहिली. मग बोट बुडाली असं धरून चालून सावित्री नदीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला रावजी म्हणून अग्नी दिला, सुतक पाळलं, रावजींच्या बायकोचं, मंजुळेचं, कुंकू पुसलं आणि घराचं कर्तेपण स्वतःकडे घेतलं. तिथून घराच्या दोन शाखा झाल्या. दाजीबांची शाखा महाडला उतरली, शिकली, सरकारी नोकऱ्यांना लागली. मंजुळेची शाखा कापड्यात भात लावत राहिली. दोघांमध्ये लग्नपत्रिका आणि गणपतीचा प्रसाद एवढीच ये-जा होती.

आणि आता ही अस्मिता सांगत होती की रावजी बुडालेच नव्हते. लंडनच्या गोदीत त्यांनी बोट सोडली होती आणि पुढे ते मूकपटांत कामं करत होते. पडद्यावरचं नाव, प्रिन्स रावजी.

"प्रिन्स," फोन ठेवून अण्णा म्हणाले होते. "बघ. इंग्रज उगाच नाही कुणाला पदवी देत."

"स्वतःच घेतली असेल," चारुशीला म्हणाली होती. "तुम्ही नाही का लेटरहेडवर समाजभूषण छापून घेतलंत."

चारुशीला अण्णांची बायको. सारा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला आणि उरलेला अण्णांची भाषणं लिहिण्यात. अण्णा जे जे बोलून टाळ्या घेत, ते ते तिने आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता लिहिलेलं असे. रावजींची स्मरणिकाही तिनेच लिहिली होती, आणि अण्णांनी ती तपासताना निम्मी खोडली होती.

कार्यक्रम शिमग्यानंतरच्या रविवारी सकाळी ठरला. चवदार तळ्याला वीस मार्चची माणसं लोटायच्या आत उरकायला हवा होता, नंतर महाडात हॉल मिळत नाही. आधी सिनेमा, मग दीपप्रज्वलन, मग पाटीचं अनावरण असा उलटा क्रम अण्णांनी लावला होता, कारण प्रमुख पाहुणे मुंबई-गोवा हायवेवर अडकले होते, म्हणजे वेळापत्रकानुसारच चालले होते. स्टेजच्या मागे रावजींच्या नावाचं मोठं बॅनर होतं. सापडलेल्या सिनेमाचं पहिलं रीळ गहाळ असल्यामुळे त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा अण्णांनी स्वतःच ते 'राजपुत्र' असं ठेवून दिलं होतं. बाजूला मखमली पडद्याआड संगमरवरी पाटी. तिच्यावर 'जन्म कापडे, निधन लंडन' आणि खाली 'वारस: यज्ञेश्वर कळंबे व कुटुंबीय'.

ह्या शेवटच्या ओळीपायीच स्टेजमागच्या खोलीत सकाळपासून तोंडं वाकडी होती. लंडनच्या संग्रहालयात पावसाळ्यानंतर रावजींच्या सिनेमांचा सोहळा व्हायचा होता आणि जवळच्या दोन वारसांना तिकडे बोलावणं होतं. वारस कोण, ते घराने ठरवून सांगायचं होतं.

"अण्णाकाका, रावजी माझा सख्खा पणजा," मुरारी म्हणाला. कापड्याच्या शाखेचा तो आता कर्ता, साठी ओलांडलेला, पांढरा लेंगा-सदरा घालून अवघडून उभा. "तुमचा तो चुलत आजा. आन पाटीवर आमचं नाव कुठं हाय?"

"कुटुंबीयांत आहे की," अण्णा म्हणाले. "मुरारी, वारसा नुसत्या रक्ताने येत नाही. कर्तव्याने येतो. सर्वपित्रीला रावजींच्या नावाचं पान इतकी वर्षं कोण वाढतंय? आम्ही."

"आणखी एक वाढते मी," चारुशीला मध्येच म्हणाली. "दाराबाहेर."

"ते कुणाचं कोण जाणे. त्याचा इथे काय संबंध?"

संबंध तिलाही ठाऊक नव्हता. लग्न होऊन आल्यापासून सर्वपित्रीला ती दोन जादा पानं वाढत आली होती. एक आत, रावजींच्या नावाने. दुसरं उंबऱ्याबाहेर, कापड्याच्या दिशेला तोंड करून, बिननावाचं. सासूबाईंना पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा त्या 'ते बाहेरचं पान' एवढंच म्हणाल्या होत्या आणि पुरणाचं पातेलं उचलून आत गेल्या होत्या. चारुशीलाने पुन्हा विचारलं नाही, वाढत मात्र राहिली.

मुरारीचा मुलगा सुनील मुंबईहून खास आला होता. तिथे तो एका मोठ्या कंपनीच्या गेटवर सुपरवायझर होता आणि वाद मिटवण्याचा त्याला सराव होता. "सीधी बात करू ना अण्णा. तिकिटं दोन. एक तुमचं, एक बाबांचं. मॅटर फिनिश."

"दुसरं तिकीट माझ्या बायकोचं आहे."

"मी येणार म्हटलेलं मला तरी आठवत नाही," चारुशीला म्हणाली.

"मग माझं," निषाद म्हणाला. अण्णांचा मुलगा निषाद पुण्याहून सूत्रसंचालन करायला आला होता आणि हातात माइक नसतानाही माइकवर बोलल्यासारखं बोलत होता. सुनील आणि तो लहानपणी गणपतीत एका पंगतीला बसलेले. आता दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू एकाच सीटवर दोघांनी रुमाल टाकलाय.

मुरारीने एक पायरी खाली येऊन पाहिलं. "बरं, पाटी ऱ्हाऊ द्या. आमचं सोंग तरी लावू द्या स्टेजवर. मंगळवारीच शिमग्यात केलंय, पोरं तयारीत हायत."

"कुठलं सोंग?"

"मढ्याचं."

कापड्याच्या कळंब्यांचं हे सोंग पोलादपूर तालुक्यात माहीत नाही असा माणूस नव्हता. शिमग्यात दारोदार फिरताना त्यांच्यातला एक जण अंगणाच्या मध्यभागी झोकात मरून पडतो, बाकीचे त्याच्याभोवती बोंबलतात, आणि घरातून शिधा मिळाला की मढं उठून पुढच्या अंगणात मरायला जातं. मुरारी तरुणपणापासून हे मढं होत आला होता आणि त्यात त्याचा हात कुणी धरला नव्हता.

"लंडनचे लोक बघायला येणार आणि आपण त्यांना मढं दाखवायचं?" अण्णा म्हणाले. "नको. तुम्ही मागच्या रांगेत बसा, जेवण झाल्याशिवाय जाऊ नका."

आवडी आतापर्यंत खुर्चीवर गप्प बसून होती. मुरारीची ही आई, नव्वदी ओलांडलेली. नात्याने चारुशीलाची थोरली जाऊ. रावजी तिच्या नवऱ्याचा आजा. तिने चारुशीलाच्या पदराचं टोक धरून तिला जवळ ओढलं.

"चारू, त्या पिक्चरात त्यो दिसतो का गो नीट?"

"दिसतात की. का हो, जाऊबाई?"

"मी फोटो बी नाय बघितला कंदी. आजेसासूला इचारलं का ती म्हणायची, दिसायला बरा व्हता. एवढंच."

अस्मिताने बोलायला सुरुवात केली तेव्हा हॉल भरला होता. ती मूळची पुण्याची, लंडनच्या संग्रहालयात जुन्या फिती धुऊन-पुसून, तुकडे जोडून पुन्हा चालत्या करायची. रावजींबद्दल ती अशा मायेने बोलत होती की घरच्यांनाच परक्यासारखं वाटावं.

रावजींना पहिलं काम मिळालं ते जिन्यावरून पडण्याचं, तिने सांगितलं. लंडनबाहेर काचेच्या छपराचा एक स्टुडिओ होता. तिथे जिन्यावरून पडणाऱ्या माणसाचा हात मोडला आणि जवळच्या खाणावळीत भांडी घासणाऱ्या रावजींना बोलावून आणलं. आगबोटीच्या शिड्यांवरून ते इतक्यांदा पडले होते की त्यात काही विशेष आहे हे त्यांना इतरांनी सांगावं लागलं. मग ते पडतच राहिले. पहिल्या महायुद्धात ते तुर्क झाले. युद्ध संपल्यावर चिनी झाले, मधूनमधून अरब, एकदा मेक्सिकोचे दरोडेखोर. हिंदुस्थानी माणसाचं काम मात्र त्यांना फारसं मिळालं नाही. ते करायला तोंडाला रंग फासलेले गोरे नट होते, आणि ते जास्त हिंदुस्थानी दिसतात असं दिग्दर्शकांचं मत होतं.

हॉलमध्ये हशा पिकला. अण्णा हसले नाहीत.

"आणि एक गंमत सांगते," अस्मिता म्हणाली. "त्यांच्या जेवढ्या फिती सापडल्यात, त्या सगळ्यांत ते मरतात. बहुतेक सुरुवातीलाच. त्या काळच्या एका सिनेमासिकाने लिहिलं होतं की गोळी झाडणारा कुणीही चालेल, पण झेलायला प्रिन्स रावजीच हवा."

"हे स्मरणिकेत नव्हतं," अण्णा चारुशीलाच्या कानाशी पुटपुटले.

"होतं. तुम्ही खोडलंत."

मग बोलपट आले, अस्मिता पुढे सांगत होती, आणि रावजी बेकार झाले. रावजींचं इंग्रजी आगबोटीच्या भट्टीपाशी शिकलेलं, ते ना तुर्काच्या तोंडी शोभे ना अरबाच्या. त्यानंतर त्यांचा माग लागत नाही. कुठे गेले, कसे राहिले, कधी वारले, कशाचाच पत्ता नाही. एवढं बोलून तिने पाटीवरच्या पडद्याकडे जरा अवघडून पाहिलं आणि दिवे मालवले.

पडद्यावर एक महाल आला. महालाच्या दाराशी, कमरेला तलवार आणि डोक्याला पागोटं, असा पहारेकरी उभा होता. चारुशीलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. ते नाक अण्णांचं होतं. निषादचं होतं. मागच्या रांगेतल्या मुरारीचंही तेच होतं, फक्त उन्हाने रापलेलं. इतक्या वर्षांच्या भांडणात हे नाक दोन्हीकडे सारखंच आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नायक खिडकीतून आत शिरला. रावजींनी वळून पाहिलं. पिस्तुलाच्या धुराने पडदा पांढरा झाला आणि रावजी मरायला लागले.

उजवा हात छातीवर गेला. डावा हात पाठीमागे चाचपडत खांब शोधू लागला, खांब सापडला, सुटला. रावजींनी एक गिरकी घेतली. आधी खाली बसले, मग बेताने आडवे झाले, आणि आडवं झाल्यावर एका हाताने पागोटं सरळ केलं. नायक त्यांना ओलांडून, ज्यासाठी आला होता त्या हिऱ्याकडे गेला. सिनेमाही त्याच्यामागे जाणार, इतक्यात कोपऱ्यात पडलेल्या रावजींच्या डाव्या पायाचा अंगठा एकदाच वर झाला आणि खाली आला.

मागच्या रांगेतून सुनीलचा आवाज आला. "आयला, बाबा, हे तर आपलं सोंग हाय."

"गप," मुरारी म्हणाला, पण तो स्वतःच पुढे वाकला होता. तोच हात, तीच गिरकी, तोच अंगठा. शिमग्यात तो अंगठा हलला की पोलादपूरपर्यंतची पोरं खिदळत. मुरारीला ते थोरल्या चुलत्याने शिकवलं होतं, चुलत्याला कुणी शिकवलं ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

आवडी उठून उभी राहिली.

"बुवा हायत हे," ती म्हणाली. ती काही मोठ्याने बोलली नाही, पण मूकपट चालू असल्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "आमच्या गोठ्यातले बुवा."

अस्मिताने सिनेमा थांबवला. अण्णा लगबगीने मागे आले. "वहिनी, बसा. पाहुणे नातेखिंडीत आलेत, पाच मिनिटांत पोचतील. हे नंतर बोलू."

"मना बोलू दे," आवडी म्हणाली, आणि चारुशीलाने तिच्यासाठी खुर्ची वळवली. अण्णांच्या विरोधात उचललेली ती तिची पहिलीच खुर्ची असावी.

"मी लगीन होऊन आले तवा गोठ्यात एक म्हातारा ऱ्हायचा," आवडी सांगू लागली. "बुवा म्हणायचे. कोन, कुठला, इचारायची सोय नाय. गुरं बघायचा, कुनाशी बोलायचा नाय. आजेसासू मंजुळाबाय सोताच्या हातानं त्याचं ताट न्यायची, आमाला हात लावू द्यायची नाय. मी पंधरा वर्साची. आईच्या आठवणीनं रडत बसायची. एक दिस बुवांनी बघितलं. काय बोलले नाय. अंगणात आले आन मरून दाखवलं. हे असंच. मुंडासं नीट केलं, आंगठा हलवला. सासरी आल्यापासून मी पैल्यांदा हसले ती तवा."

आवडी पडद्यावर थांबलेल्या रावजींकडेच बघत होती.

"मग पोरांना नादच लागला. बुवा मरा, बुवा मरा. ते मरायचे. तेच सोंग पोरांनी पुढं शिमग्यात आणलं. आन खरं मेले ना, तवा बी पोरांना वाटलं का सोंगच हाय. आंगठा हलायची वाट बघत बसली व्हती गोठ्याच्या दारात."

"मग सुतक?" चारुशीलाने विचारलं.

"कुनाचं सुतक? बुवाला कोन भावकी? सासऱ्यानं अग्नी दिला, पन केस नाय काढले. मना वाटलं, परक्यासाठी एवढं तरी कोन करतं. आजेसासू नदीवर गेली, मी मागनं गेले. पाण्यात बसून कपाळ चोळत व्हती, सारखी चोळत व्हती. तीस वर्सं त्या कपाळाला काय नव्हतं गो. मी म्हणलं, आजी, काय पुसता? म्हणाली, घाम."

चारुशीलाला दाराबाहेरचं पान दिसलं. कापड्याकडे तोंड करून वाढलेलं, बिननावाचं, पावसाची सर आली तर भिजणारं. तिने ते स्वतःच्या हाताने इतकी वर्षं बाहेर ठेवलं होतं.

एकदा पळसाच्या पुतळ्याला अग्नी दिला की तो माणूस मेला. तो मागाहून चालत आला तर त्याला घरात घ्यायचीही रीत आहे, नाही असं नाही. पण त्यासाठी त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं. पाळण्यात घालून बारसं करायचं, मग त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. रावजी विलायतेहून हात हलवत परत आले तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते, आणि दाजीबा महाडात मानाने राहत होते, मुलींना स्थळं येत होती. मिशीवाल्या थोरल्या भावाला पाळण्यात घालून जोजवायचं, गाव जेवायला बोलवायचं, वर कर्तेपण परत द्यायचं, हे दाजीबांना जमलं नसणार. लोक हसतील म्हणून त्यांनी भावाला गोठ्यात ठेवलं आणि नवरा जिवंत असलेल्या बाईला विधवा ठेवलं. आणि विलायतेत कधी एका रिळापलीकडे न टिकलेल्या रावजींनी परक्या म्हाताऱ्याचं ते काम स्वतःच्याच घराबाहेर वीस वर्षं निभावलं. चारुशीलाला त्या क्षणी सासरच्या एकूण एक प्रतिष्ठित माणसाचा मनापासून राग आला.

"पण कशावरून तेच हे?" अण्णा म्हणाले.

"आंगठ्यावरून," आवडी म्हणाली.

तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं आपटली. निषादने सवयीने माइक धरला. "प्रमुख पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे. कळंबे परिवाराने दीपप्रज्वलनासाठी व्यासपीठावर यावं, अशी मी विनंती करतो."

"दिवा लावू नका," आवडी म्हणाली. "सुतक पडलं."

"वहिनी, सत्तर वर्षांमागचं सुतक?"

"मना आज कळलं. ऐकलं का डोक्यावरनं पाणी घ्यायचं." एवढं बोलून ती काठी टेकत बाजूच्या दाराने निघाली. मुरारी तिच्यामागे, सुनील त्याच्यामागे. समईपाशी चारुशीला आगपेटीचं तबक घेऊन उभी राहायची होती. तिने ते तबक अण्णांच्या हातात दिलं आणि तीही निघाली.

हॉलच्या मागे स्वयंपाक्यांच्या पिंपांशेजारी सिमेंटची टाकी आणि तिला एक नळ होता. आवडीने अंगावरच्या लुगड्यासकट पहिलं टमरेल डोक्यावर ओतून घेतलं आणि हात जोडले. तिच्या ओठांतून रावजी हे नाव बाहेर पडलं. त्या घराच्या सुनांनी ते नाव कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. चारुशीलाने समारंभासाठी पैठणी नेसली होती. क्षणभर तिला पैठणीची काळजी वाटली, नाही असं नाही, आणि मग तिने टमरेल भरलं.

आतून लाउडस्पीकरवर पाहुण्यांचा आवाज आला. "प्रिन्स रावजींनी साहेबाच्या भूमीत जाऊन, साहेबाच्या छातीवर पाय रोवून, आपल्या मातीचा झेंडा फडकवला..." टाळ्या झाल्या. पाटीवरचा पडदा बाजूला झाल्याची सनईही वाजली. निधन लंडन असं सर्वांनी वाचलं असणार.

मागच्या दारात अण्णा उभे होते. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात अजून ते तबक. जाहीर कार्यक्रम चालू असताना अण्णा व्यासपीठावर नाहीत, असं आजवर घडलं नव्हतं.

"आजोबा गेले तेव्हा मी शाळकरी होतो," ते म्हणाले. कुणाला उद्देशून बोलत होते ते कळत नव्हतं. "शेवटचे काही दिवस ते एकच बोलायचे. दादाला आत घ्या रे, बाहेर दव पडतंय. आम्हाला वाटलं वात झालाय. वडील म्हणाले, कुणाला सांगू नका."

लग्नाच्या इतक्या वर्षांत हे त्यांनी चारुशीलाला कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं.

"फोटोग्राफर कुठे आहे?"

"पाहुण्यांच्या मागे," चारुशीला म्हणाली.

अण्णांनी तबक कठड्यावर ठेवलं. फेटा काढला, शाल काढली आणि नळाकडे वाकायला लागले.

"थांबा भावजी," आवडी म्हणाली. "आधी मुरारी."

लग्नात, मयतात, देवळात, मतदानाच्या रांगेतही अण्णा कुणाच्या मागे उभे राहिले नव्हते. ते वाकल्या जागीच थांबले, मग सरळ झाले आणि फेटा पोटाशी धरून बाजूला उभे राहिले. मुरारीने पाणी घेतलं. त्याने डोळे पुसले, पण सगळंच ओलं असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. मग सुनीलने घेतलं. आतून निषाद धावत आला, माइक कुणाच्यातरी गळ्यात घालून, आणि सुनीलने टमरेल त्याच्यापुढे केलं.

"तुझ्या अण्णांनंतर," चारुशीला म्हणाली. निषाद मागे सरला.

अस्मिता दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मला विचारायला बरं वाटत नाही," ती म्हणाली. "पण मला लंडनला कळवावं लागेल. जवळचे वारस कोण?"

"ओले आहेत ते," चारुशीला म्हणाली. "मला वगळून, ज्या क्रमाने भिजले त्याच क्रमाने लिही."

"आणि निधन?"

"राब भाजायच्या दिसांत," आवडी म्हणाली. "शिमगा होऊन गेला व्हता. कापड्याला."

"राहत्या घरी," अण्णा चटकन म्हणाले. "निधन, कापडे येथे, राहत्या घरी. असंच लिहितात."

आवडीने चारुशीलाकडे पाहिलं. अण्णांची वाक्यं आजवर चारुशीलाने सुधारून सुधारून गोड केली होती, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आताही बोलायचं तर तिनेच.

"गोठ्यात," ती म्हणाली. "अस्मिता, गोठ्यात असं लिही."

आत पाहुण्यांचं आभारप्रदर्शन चाललं होतं. अण्णांनी पोटाशी धरलेला फेटा तबकाशेजारी ठेवला.

"गोठ्यात," ते शेवटी म्हणाले, आणि मुरारीपुढे डोकं वाकवलं. मुरारीने टमरेल भरून काकाच्या टकलावर ओतलं, मग आणखी एक ओतलं. पाणी नाकावरून, मिशीवरून, इस्त्रीच्या झब्ब्यावरून खाली गेलं. अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"चारू," ते तसेच वाकलेले असताना म्हणाले, "यंदा ते बाहेरचं पान आत घे."